पंचवीस चित्रकथा आणि माझा भाऊ

विभागप्रमुखांनी मला बोलावलं तेव्हा जुलैचा पहिला आठवडा होता आणि माझ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. नव्या अभ्यासक्रमात एक ऐच्छिक विषय घालायचा होता, चित्रकथांचा अभ्यास. मुलांना आवडेल असं काहीतरी ठेवा, असं वरून आलं होतं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, लहानपणी नुसती कॉमिक्स वाचायचात म्हणून?" सर म्हणाले. "मग हा तुमचाच विषय. पंचवीस पुस्तकांची यादी करा. ही वाचली नाहीत तर चित्रकथा कळणारच नाही, अशी पंचवीस. प्रत्येकापुढे दोन ओळी, का वाचायचं ते." मग हसून म्हणाले, "पण मले-तुले असलेली नकोत हं."

खोलीत आणखी दोघं बसले होते. ते हसले. मीही हसले. नोकरीच्या मुलाखतीत माझ्या तोंडून एकदा 'मले' निघून गेलं होतं, त्याला आता अकरा वर्षं झाली. सरांना ते अजून आठवतं आणि ते पुन्हा पुन्हा आठवण करून देतात. त्या दिवसापासून मी घरीसुद्धा 'मला' म्हणते.

कॉमिक्स वाचायचे हे मी एका निरोपसमारंभाच्या जेवणात बोलून गेले होते, काहीतरी बोलायचं म्हणून. खरं तर वाचायचा माझा भाऊ. मी त्याच्या शेजारी बसून पानं उलटायची.

पहिली यादी मी दोन संध्याकाळींत केली. परदेशातल्या विद्यापीठांच्या याद्या इंटरनेटवर होत्याच. तिथून बावीस नावं उचलली, तीन मराठी घातली. त्यातलं एकही मी वाचलेलं नव्हतं. 'का वाचायचं' या दोन ओळींपाशी आले आणि हात थांबला. पहिल्या पुस्तकापुढे लिहिलं, 'या माध्यमातील महत्त्वाचा टप्पा.' दुसऱ्यापुढेही तेच लिहिलं. सातव्यापुढे तेच लिहिताना माझी मलाच लाज वाटली आणि मी लॅपटॉप बंद केला. येत्या रविवारी भावाकडे, खापरखेड्याला जायचं ठरवलं.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. नागपुरात लकडगंजला एका फ्लेक्सच्या दुकानात तो नोकरी करतो. पूर्वी लाकडाच्या वखारींच्या पाट्या ब्रशने रंगवायचा, आता संगणकावर नेत्यांच्या वाढदिवसांचे बॅनर करतो. लग्न केलं नाही. बाबा वीज केंद्रातून निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्याने कॉलनीबाहेर दोन खोल्या घेतल्या. बाबा तिथेच वारले. आई तिथेच त्याच्याजवळ असते. मी नागपुरात राहते, गाडीने तासाभराचा रस्ता, आणि त्याआधी मी तिथे गेले त्याला आठ महिने झाले होते.

"काहून आली वं?" दार उघडून त्याने विचारलं. रागाने नाही, नवल वाटून.

मी यादीचं सांगितलं. त्याने माझा कागद घेतला, खाटेवर बसून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "पोट्टे कुठले हायेत?"

"म्हणजे?"

"शिकनारे पोट्टे. नागपुरातले का खेड्यातले? इंग्रजी वाचतेत का?"

मी सांगितलं, निम्मे बाहेरगावचे, इंग्रजीला घाबरणारे. त्याने कागद परत माझ्या हातात दिला. "मंग हे कोनासाठी केलं?"

त्यानंतर सहा रविवार मी त्याच्याकडे गेले. त्याच्या खाटेखाली लोखंडी पेट्या होत्या, पाच. मराठी, हिंदी, इंग्रजी, बंगालीतून हिंदीत आलेली, मुखपृष्ठं नसलेली, शेवटचं पान गेलेली. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती त्याने नायकांप्रमाणे लावलेली नव्हती, काढणाऱ्यांप्रमाणे लावली होती. बहुतेकांवर चित्रकाराचं नाव छापलेलंच नसे, म्हणून त्याने स्वतः त्यांना नावं दिली होती. एक होता 'गवतवाला'. त्याला घोडे अप्रतिम जमायचे पण खूर जमायचे नाहीत, म्हणून त्याचे सगळे घोडे गुडघाभर गवतात उभे. वाळवंटातसुद्धा. एक होती 'पदरवाली'. भावाची खात्री होती की ती बाईच असणार, कारण तिच्या बायका धावताना पदर खोचतात आणि पुरुष चित्रकारांच्या बायकांचे पदर वाऱ्यावर उडतात. एका अंकात हिंदी भाषांतर मूळ वाक्यापेक्षा लांब झालं होतं, म्हणून अक्षरं लिहिणाऱ्याने संवादाचा फुगा वाढवला आणि त्याखाली आईचा पसरलेला हात झाकला गेला. "आता पाह्य," भाऊ म्हणाला, "पोरगं रडून राहिलं आन माय नुसती उभी हाय. एका फुग्यानं तिले दुष्ट करून टाकलं."

मी भराभर लिहून घेत होते. यादी हळूहळू बदलली. माझी बावीस परदेशी नावं गेली, चार उरली. तीही त्याने आधी वाचून मग ठेवली. दोन ओळींचं 'का' तो तोंडी सांगायचा आणि मी ते प्रमाण मराठीत उतरवायचे. त्याचा एक हट्ट होता. पंचवीसातलं एक तरी भिकार पाहिजेच. "चांगलंच चांगलं दाखवलं तं पोट्ट्याइले कसं समजंल?" तेही मी घातलं, शब्द बदलून.

आई भाजी निवडत ऐकत असायची. बहीणभाऊ इतके बसून बोलताना तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. चौथ्या रविवारी तिने माझ्यासाठी पाटवडीचा रस्सा केला.

सहाव्या रविवारी यादी पूर्ण झाली. भावाने सगळ्यात खालच्या पेटीतून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवून तो पाणी भरायला बाहेर गेला. अठरा पानं होती, काळ्या शाईने काढलेली, दुकानातल्या जाड कागदाच्या मागच्या बाजूला. पहिल्या पानावर आमची कॉलनी होती. वीज केंद्राच्या दोन चिमण्या, वाळत घातलेले कपडे, कपड्यांवर बसलेली राख.

मला गोष्ट माहीत होती. मी त्या गोष्टीत होते.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तो चौदाचा. आमच्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा त्यांना सही करता येत नव्हती. बाबा शिकले, वीज केंद्रात लागले, आणि घरात पुस्तकांचं एक कपाट आलं. त्या कपाटातल्या पुस्तकांना हात धुऊन हात लावायचा, असा नियम होता. भाऊ सहामाहीत तीन विषयांत नापास झाला आणि बाबांना कळलं की तो कॉमिक्स वाचतो. त्यांनी शोध घेतला, काही सापडलं नाही. थंडीत कूलर बंद करून कोपऱ्यात ठेवलेला असायचा. कॉमिक्स त्याच्या पोटात होती. हे त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होतं, कारण त्याने मला रोज एक द्यायचं कबूल केलं होतं.

बाबांनी मला काही विचारलंही नव्हतं. ते थकून खुर्चीत बसले होते आणि म्हणाले, "या घरात एकाले तरी शिकाची अक्कल हाय का?" मी उठले, कूलरपाशी गेले आणि बोट दाखवलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती जड आणि उबदार होता ते मला आजही सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंगणात बंब पेटवला आणि भावाला एकेक अंक आत घालायला लावला. सगळे त्याच्याच हाताने. पाणी कढत झालं. मग म्हणाले, "आता याच पान्यानं आंघोळ कर." तो अंघोळ करत होता तोवर मी मोरीच्या दाराशी उभी राहून पाहत होते. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले. तो पुढच्या वर्षी दहावीला बसला, नापास झाला, परत बसला नाही.

हे सगळं त्या अठरा पानांत होतं. बंबातून निघणारा धूर आणि केंद्राच्या चिमणीतून निघणारा धूर त्याने एकाच रेषेत काढला होता. पण मी थांबले ते सातव्या पानावर. अख्खं पान एकच चित्र. दोन वेण्यांची मुलगी, लांब केलेलं बोट, आणि तिचा चेहरा. तिने घाबरून बोट दाखवलं असतं तर मी सहन केलं असतं. ती आनंदली होती. तोंड किंचित उघडं, डोळे बापाकडे. त्याने ते तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं आणि अगदी बरोबर काढलं होतं.

तो पाणी भरून आला. "कसं वाटलं?"

"छान आहे," मी म्हटलं. "पायांचं थोडं पाहायला हवं."

तो हसला. "मीबी गवतवालाच हाय ना." मग म्हणाला, "यादीत नको टाकू. पन तुह्या साहेबाइले दाखवशीन का? नुसतं पाहाले."

अभ्यासमंडळाची बैठक सप्टेंबरमध्ये झाली. जुने अंक प्रत्यक्ष पाहायचे असं सरांनी ठरवलं होतं, म्हणून मी त्यांना सांगून ठेवलं होतं की एक संग्राहक ओळखीचे आहेत, ते घेऊन येतील. संग्राहक हा शब्द माझा. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, दोन पिशव्या घेऊन, बसने आला. मी त्याला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती.

मंडळात सर होते, आमचे दोन सहकारी, आणि पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ, स्वतः चित्रं काढणारे, मोजकं बोलणारे. यादी वाचून ते म्हणाले, "अशी यादी मी पहिल्यांदा पाहतोय. काढणाऱ्यांच्या हातावरून लावलीय. फार डोळसपणे केलंय तुम्ही." सरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी म्हटलं, "वाचत आलेय सर, लहानपणापासून."

दाराकडे मी पाहिलं नाही.

अंक टेबलावर फिरले. समोशांनी तेलकट झालेल्या बोटांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या उघडल्या गेल्या. भाऊ दोनदा अर्धवट उठला आणि परत बसला. दुसऱ्या पिशवीत तळाशी ती फाइल होती. तज्ज्ञांनी ती उघडली, चष्मा वर सरकवला आणि ते पहिल्या पानापासून वाचू लागले. सातव्या पानाशी ते बराच वेळ थांबले.

"हे कोणाचं आहे?"

"मॅडम?" सर म्हणाले.

आता सांगते ते मी कुणाच्या दबावाखाली केलं नाही. माझ्याकडे वेळ होता. मी ग्लासातलं पाणी प्यायले आणि मग बोलले.

"हौशी काम आहे सर. हे गृहस्थ फ्लेक्सच्या दुकानात असतात, फावल्या वेळात काढतात. आकृत्या कच्च्या आहेत, पाय तर जमलेलेच नाहीत. आणि भाषा बघा ना. 'काहून', 'रडून राहिला', 'मले'. विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखं नाही."

"मले-तुले!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले आणि सगळे हसले. तज्ज्ञ सोडून. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो विनोद दुसऱ्या कुणावर झाला होता. मला जे वाटलं त्याला सुटका म्हणतात.

तज्ज्ञांनी खुर्ची वळवून भावाला विचारलं, "ही बोट दाखवणारी मुलगी विलक्षण आहे. कोण ही?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी यादीच्या कागदांना पिन लावत होते.

"कोनी नाही साहेब," तो म्हणाला. "मनानंच बनवली. आन मॅडम बरोबर म्हनून राहिल्या. पाय नाही जमत मले."

यादी एकमताने मंजूर झाली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, गाडीने सोडते." त्याने दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या. "नाही मॅडम, बस हाय."

मला वाटलं, रागावलाय, आठवड्यात निवळेल.

विषय सुरू झाला. चौदा मुलांनी घेतला. पंचवीसपैकी एकोणीस पुस्तकं बाजारात मिळत नव्हती, ग्रंथालयात तर नव्हतीच. ती फक्त त्या पाच पेट्यांत होती. मी फोन केला. "पाठवा ना पोट्ट्याइले," तो म्हणाला, "रविवारी घरीच असतो." मला ये म्हणाला नाही. मुलं जाऊ लागली. सोमवारी वर्गात येऊन ती मला गवतवाल्याबद्दल सांगायची, पदरवालीबद्दल सांगायची. उमरेडच्या एका विणकर घरातली मुलगी होती, वर्गातल्या चौघी मुलींत सगळ्यात हुशार. तिने एकदा मला विचारलं, "मॅडम, त्या काकांना तुम्ही खूप आधीपासून ओळखता का? मी विचारलं तर म्हणाले, यादीच्या कामाले आल्या होत्या."

"हो," मी म्हटलं. "तेवढीच ओळख."

परीक्षेत त्याच मुलीने काढणाऱ्यांच्या हातांवर सहा पानी उत्तर लिहिलं. उत्तर त्याच्या बोलण्याने भरलेलं होतं. मी तिला बेताचे गुण दिले आणि समासात लिहिलं, 'संदर्भ द्यावेत.'

जानेवारीत पुण्याच्या तज्ज्ञांचा फोन आला. ते नव्या चित्रकथांचा एक संग्रह काढत होते आणि त्यांना ती अठरा पानं हवी होती. "त्या गृहस्थांचा नंबर द्याल का?" मी म्हटलं, शोधून पाठवते. नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर होता. मी तो पाठवला नाही. त्यांनी दोनदा आठवण करून दिली, मी दोनदा विसरल्याचं कळवलं. सातवं पान छापून यावं असं मला वाटत नव्हतं. शेवटी त्या उमरेडच्या मुलीनेच, संग्रहाविषयी कुठेतरी वाचून, तज्ज्ञांचा पत्ता शोधला, भावाचा नंबर त्यांना परस्पर कळवला आणि मग मोठ्या आनंदाने मला येऊन सांगितलं.

संग्रह पुढच्या दिवाळीत निघाला. एक प्रत विभागात आली. मी ती घरी नेली, दार लावून उघडली. अठराची पंधरा पानं झाली होती. सगळी नव्याने काढलेली. रेषा आता कितीतरी सफाईदार होती, पायसुद्धा जमले होते. मी सातवं पान उघडलं. तिथे बाप एकटाच होता. तो कूलरपाशी गेला आणि त्याने तो उघडला. पुढे बंब, अंघोळ, धूर, सगळं तसंच. दोन वेण्यांची मुलगी कुठेच नव्हती. अंगणात नव्हती, मोरीच्या दाराशी नव्हती. त्या घरात एकच मूल होतं.

मी पहिल्या पानापासून पुन्हा पाहिलं. वाळत घातलेल्या कपड्यांत माझा फ्रॉक होता पूर्वी. तोही नव्हता.

गंमत म्हणजे संग्रहाचं कौतुक झाल्यावर सरांनीच सुचवलं की नागपूरचं काम आहे, यादीत घ्या. बैठकीत दाराजवळ बसलेला माझा भाऊ त्यांना आठवत नव्हता. एक परदेशी पुस्तक काढून मी ते घातलं आणि पुढे दोन ओळी लिहिल्या. त्या लिहायला मला कुणी मदत केली नाही. त्या चांगल्या नाहीत.

या वर्षी ते वर्गात शिकवलं. सातवं पान पडद्यावर होतं आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, थंडीचे दिवस आहेत. मग बाप कूलर कशाला उघडतो? त्याला कसं कळलं?"

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. प्रश्न बरोबर होता. मुलगी काढल्यावर गोष्टीला तिथे भोक पडलं होतं, आणि ते माझ्या भावाला दिसलं नसेल असं होऊच शकत नाही.

"कथेतला दोष आहे," मी सांगितलं. "लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात आईला बरं नव्हतं म्हणून मी खापरखेड्याला गेले. भाऊ घरीच होता. आईला उठवत नव्हतं, म्हणून त्यानेच स्वयंपाक केला, ताटं घेतली. माझ्या ताटात भाकरी वाढताना त्याने विचारलं, "मॅडम, भाजी आनखी देऊ का?"

आई अंथरुणातून हसली. "पाह्य वं," ती मला म्हणाली, "शिकलेल्या बहिनीले किती मान देते माहा पोरगा."

मी म्हटलं, "दे थोडी." त्याने वाढली आणि तो आईचं औषध आणायला बाहेर गेला.